फात्तोरीचा घोडेस्वार कसा पाहावा

इटालियन चित्रकार जोव्हान्नी फात्तोरीचं (1825–1908) घोडेस्वार सैनिकाचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून, त्यांत शाई भरून कागदावर काढलेला ठसा) हाती आलं, की मी आधी चित्र पाहतच नाही. हात धुऊन, कोरडे करून कागद दोन्ही हातांनी कडेला धरायचा. शाईला बोट लावायचं नाही.

दिवा बाजूने, अगदी तिरपा धरा. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकोनी खाच दिसायला हवी. मग दहापट भिंग घ्या. एचिंगची रेघ कागदावर किंचित उचललेली असते, कारण दाबाखाली ओलसर कागद खाचेत शिरून शाई उचलतो. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील नक्कल, तिथेच थांबा.

आता घोडा! फात्तोरी जस्ताच्या पत्र्यावर काम करी. आम्लाने खाल्लेली त्याची रेघ जाड, खरबरीत येते. घोड्याच्या पोटाखालची सावली पाहा: रेघांवर आडव्या रेघा, पण मोजूनमापून नाहीत. स्वार बहुतेकदा थकलेला, पाठमोरा. लढाईपेक्षा वाट पाहणं जास्त. मला तो म्हणूनच इतका प्रिय आहे.

खरेदीआधी कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) जरूर तपासा; ठसा कधीचा, याचा अंदाज त्यावरून येऊ शकतो. त्याच्या मृत्यूनंतरही त्या पत्र्यांवरून ठसे काढले गेले आहेत.