जोतिबाचे फोटो घरी परतल्यावर टाका

चैत्र यात्रेला सगळं घर जोतिबावर. गुलालानं माखलेले चेहरे आणि लगेच स्टेटस: 'चांगभलं! दोन दिवस मुक्काम.' राजारामपुरीतल्या घराला कुलूप आहे, हे आपणच सांगून मोकळे होतो.

१. आधी आपलं स्टेटस कोणाला दिसतं ते तपासा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात स्टेटस. तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' असेल तर फोनमधली यादी एकदा वाचून काढा. भावकी आणि मंडळाची पोरं आहेतच; पण कधीकाळी नळ दुरुस्तीला आलेला माणूस, जुना भाडेकरू, जागेचा एजंटही आहे. त्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह असेल तर त्यांनाही सगळं दिसतं. 'ओन्ली शेअर विथ' निवडून घरची माणसं तेवढी ठेवा. स्टेटस २४ तासांनी जातं, कुणी काढलेला स्क्रीनशॉट राहतो.

२. फोटोत माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा. दारावरची पाटी, गाडीचा एमएच ०९ चा पूर्ण नंबर, पोरीचा गणवेश, फ्रिजवर चिकटवलेलं क्लासचं वेळापत्रक. सुटा फोटो फारसं बोलत नाही. चार फोटो शेजारी ठेवले की पोरगी कुठल्या शाळेत जाते, किती वाजता सुटते, कुठल्या गल्लीत राहते हे अनोळखी माणसालाही कळतं. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते.

आणि मुलांना विचारा. आठ वर्षांचं पोर 'नको' म्हणालं तर नको. रंकाळ्यावर रडतानाचा त्याचा व्हिडिओ तुम्हाला गोड वाटतो, पण उद्या वर्गात तोंड त्याला द्यायचंय.

३. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधलं लोकेशन बंद करा. नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोबरोबर तो कुठे काढला याची नोंदही जाते.

४. फेसबुकवर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' दाबलं की जुन्या पब्लिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या राहतात. इन्स्टाग्राम खातं प्रायव्हेट करा.

५. दुसऱ्याचा फोटो विचारून टाका. आपला कुणी न विचारता टाकला असेल तर 'वहिनी, तेवढा फोटो काढून टाका' असं सरळ सांगा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तो घरातल्या घरात मागायला संकोच कशाला?

६. आधार पाठवावंच लागलं तर शेवटचे ४ अंकच दिसणारं मास्क्ड आधार पाठवा. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि समोरच्याचे मेसेज पुसू नका.