डोंगरातली ट्रेल टिकवायची तर आधी पाणी उतरवा: ऑफ-रोड क्लब चालवणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत पावसाळा संपल्यावर बाइकची ट्रेल, म्हणजे कच्ची डोंगरवाट, उखडलेली दिसली की पहिला दोष नॉबी (जाड गुट्ट्यांच्या) टायरला जातो. टायर माती सैल करतो हे खरं, पण ती वाहून नेतं पाणी. चाकोरी बाजूच्या जमिनीपेक्षा खोल गेली की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते ट्रेलवरूनच खाली धावतं आणि दोन पावसाळ्यांत गुडघाभर घळ पडते. मग रायडर घळीच्या बाजूने नवी वाट पाडतात आणि तीही तशीच खचते. म्हणून क्लबची कामं वाटताना राइड आखणाऱ्यांइतकंच, खरं तर थोडं जास्तच, महत्त्व फावडं धरणाऱ्यांना द्या.

जमीन कुणाची, हे आधी

वाट वापरात आहे म्हणजे ती सगळ्यांची, असं नसतं. ट्रेलचा प्रत्येक गट नंबर काढून सातबारा पाहा. मालकाचं नाव खासगी असलं तरी ‘इतर हक्क’ रकान्यात वनाचा शेरा आहे का ते तपासा. तो असेल तर मालकाचा होकार पुरत नाही, वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज करावा लागतो. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना अशी अभयारण्यं नकाशातून सरळ वगळा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीकडे जा, आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाले असतील तर ग्रामसभेपुढे विषय मांडा. तोंडी ‘या की’वर विसंबू नका. सरपंच बदलले की तो शब्दही बदलतो, म्हणून ठरावाची प्रत घ्या.

अर्ज क्लबच्या नावाने गेला तर बोलणं सोपं होतं. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवायला किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तालयाकडची नोंदणीही करून घ्या.

परवानगी असली तरी तीन जागी बाइक घालू नका. देवराईत नाही. सड्यावर (कातळी पठारावर) नाही, कारण जांभ्या कातळावरच्या बोटभर मातीतच तिथली सगळी पावसाळी फुलं असतात आणि एका चाकोरीने तो थर निघून जातो. आणि सलग समतल चरांवरून, म्हणजे पाणी जिरवायला उतारावर आडव्या खोदलेल्या चरांवरून, तर नाहीच. चराचा मातीचा भराव एका जागी दबला की चरात साठलेलं सगळं पाणी तिथूनच फुटतं आणि खालच्या शेतापर्यंत ओघळ पाडतं. ज्या गावाने श्रमदानाने ते चर खोदले, ते गाव तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही.

उतार मोजा, अंदाज करू नका

डोळ्याला उतार नेहमी चुकीचा दिसतो. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, साधारण १४ मीटर लांब. ट्रेलवर १० मीटर अंतरावर दोघांनी उभं राहायचं, नळीची टोकं खुणा केलेल्या काठ्यांना बांधायची आणि दोन्हीकडच्या पाण्याची जमिनीपासूनची उंची वाचायची. फरक १ मीटर आला तर उतार १० टक्के. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो, तेव्हा आधी नळी झटकून बुडबुडे काढा.

मुरमाच्या ट्रेलला सरासरी १० टक्क्यांपर्यंतचा उतार सोसतो. शिवाय ट्रेलचा उतार डोंगराच्या स्वतःच्या उताराच्या (ट्रेलला आडव्या दिशेने मोजलेल्या) निम्म्याहून कमी ठेवा. डोंगर ३० टक्के असेल तर ट्रेल १५च्या आत. हे गणित मोडलं की पाणी ट्रेल ओलांडत नाही, ट्रेलवरूनच वाहतं. चढ टाळता येत नसेल तर तो उघड्या कातळावरून न्या. काळ्या मातीतली वाट मात्र वाचवत बसू नका, ती दुसरीकडून वळवा.

ट्रेल ६० ते ९० सेंटीमीटर रुंद पुरे. तिचा पृष्ठभाग दरीकडे ५ टक्के झुकता हवा, म्हणजे ६० सेंटीमीटरला ३ सेंटीमीटर. पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवा, ती दरीच्या बाजूला घरंगळली पाहिजे. काही महिन्यांत दरीकडच्या कडेला मातीची वरंबी तयार होते आणि पाणी आत अडतं. दर वर्षी ती फावड्याने काढून टाकावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण ट्रेलचं आयुष्य याच कामाने सर्वात जास्त वाढतं.

लांब खोलगट वळसा

ट्रेकिंगच्या वाटेवर पाणी वळवायला आडवं लाकूड किंवा दगडांची ओळ घालतात. बाइकच्या ट्रेलवर ते टिकत नाही. पुढचं चाक आदळतं, मागचं तिथेच फिरतं, लाकडामागे खड्डा पडतो आणि एका हंगामात लाकूड उघडं पडतं. शिवाय रायडर ते चुकवायला कडेने जातो. त्याऐवजी चाकाला जाणवणार नाही इतका लांब खोलगट भाग आणि त्याला लागून उंचवटा करा. या जोडीलाच इथे वळसा म्हटलं आहे.

तो असा. उताराच्या दिशेने ३ मीटर लांबीत हळूहळू खोदत जा, तळाशी खोली १५ सेंटीमीटर. तळाचं तोंड दरीकडे उघडं ठेवा, निदान १ मीटर रुंद, आणि त्यापुढचं गवत-दगड काढून पाण्याला वाट द्या. निघालेल्या मुरमाचा लगेच खालच्या बाजूला ४ ते ५ मीटर लांब, ३० सेंटीमीटर उंच उंचवटा करा. माती एकदम ओतू नका. १० सेंटीमीटरचा थर, त्यावर धुम्मस (माती ठोकून घट्ट करायचं जड साधन), मग पुढचा थर. १० टक्के उतारावर असा वळसा दर १५ ते २० मीटरला, ५ टक्क्यांवर दर ३० ते ४० मीटरला पुरतो. चढावर गिअर टाकण्याच्या किंवा ब्रेक मारण्याच्या जागी तो नको, चाकं उंचवटा उकरून काढतात.

हे काम ऑक्टोबरमध्ये करा. तेव्हा मुरूम ओलसर असतो आणि धुम्मसाखाली घट्ट बसतो. मे महिन्यात केलेला भराव कोरडा राहतो, पहिल्या वळवाच्या सरीत वाहून जातो. मेमध्ये फक्त वळशांची तोंडं साफ करा. वळसा निकामी होतो तो बहुतेक वेळा पालापाचोळा आणि गाळ तोंडाशी साचल्यामुळे.

साहित्य थोडकंच लागतं. सहा जणांच्या टोळीला दोन टिकाव, दोन फावडी, दोन घमेली, एक पहार, एक कोयता, एक धुम्मस. दगड बसवायचा असेल तर गावातले गडगा किंवा ताल (दगडी बांध) रचणारे कारागीर रोजंदारीवर घ्या. त्यांच्या हाताने उभा रोवलेला दगड वर्षानुवर्षं हलत नाही, आपण सपाट अंथरलेला दगड मागच्या चाकाने उडतो.

घळ पडलेली वाट बंद करताना

घळीत सैल माती भरणं म्हणजे मेहनत वाया. पाणलोटाच्या कामात करतात तसे छोटे अनगड दगडी बांध घाला. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यायला हवा, म्हणजे मधला गाळ आपोआप भरतो. दोन्ही टोकांकडून दिसणारे पहिले २० मीटर दगड आणि करवंदीच्या काट्यांनी झाका. वाट दिसली की कुणीतरी घुसतोच.

राइड नेताना

एका लीडमागे (सर्वात पुढच्या वाटाड्या रायडरमागे) सहा ते आठ जण, शेवटी स्वीप, म्हणजे सर्वात मागे राहणारा रायडर. फाटा आला की लीडमागचा रायडर तिथे थांबतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि स्वीप दिसल्यावरच निघतो. ही पद्धत मोडते ती ‘मी शेवटचाच’ असं कुणीतरी सांगितल्यावर. स्वीपला वेगळ्या रंगाचं जॅकेट द्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी तो दिसल्याशिवाय हलायचं नाही हा नियम करा.

बेसॉल्टच्या धारदार दगडांत ट्यूब असलेल्या टायरमध्ये १८ ते २० पीएसआय हवा ठेवा, त्याहून कमी केली तर दगडावर आदळताना रिम ट्यूब चावतो आणि ती फाटते. पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब अडचणीला मागच्या १८ इंची चाकात चालते, म्हणून एकच ट्यूब नेणार असाल तर तीच न्या. फेब्रुवारीपासून वणव्याचा काळ. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवताला लागेल अशी बाइक उभी करू नका. आवाज वाढवणारे एक्झॉस्ट क्लबमध्ये घेऊच नका. गावाची पहिली तक्रार धुळीची नसते, आवाजाची असते.

ट्रेलची जीपीएक्स फाइल (जीपीएसने नोंदलेला मार्ग) खुल्या ग्रुपवर टाकू नका, राइड नोंदवणाऱ्या ॲपमध्येही ती खासगी ठेवा.

पावसाळ्यात ट्रेल बंद. नंतरही चाकाचा ठसा २-३ सेंटीमीटरहून खोल उमटत असेल तर सगळ्यांनी परत फिरायचं, कितीही लांबून आला असाल तरी. पावसात ट्रेलवर जायचं ते पायी. प्रत्येक ट्रेलसाठी दोघे पालक नेमा. जून-जुलैत मुसळधार पाऊस चालू असतानाच त्यांनी छत्री घेऊन पूर्ण ट्रेल उतरायची. पाणी कुठून शिरतं, किती मीटर धावतं, कुठल्या वळशाचं तोंड तुंबलंय हे त्या एका तासात दिसतं, कोरड्या दिवशी कितीही शोधलं तरी दिसत नाही. प्रत्येक जागेचा फोटो आणि जीपीएस खूण घ्या. ऑक्टोबरच्या श्रमदानाची यादी त्यावरूनच करायची.