फास्टएपीआय: एकच संथ कॉल सगळ्यांना का अडवतो

फास्टएपीआय या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एंडपॉइंटला (म्हणजे एखादा यूआरएल हाताळणाऱ्या फंक्शनला) 'असिंक' लावलं की तो आपोआप वेगवान होतो, असा समज सर्रास दिसतो. होतं उलटंच. असिंक फंक्शन इव्हेंट लूपवर, म्हणजे कामं आळीपाळीने पुढे नेणाऱ्या एकाच थ्रेडवर चालतं आणि एका वर्करमागे (सर्व्हरच्या एका प्रोसेसमागे) लूप एकच असतो. त्यात रिक्वेस्ट्स लायब्ररीने बाहेरच्या सेवेला कॉल केला आणि उत्तराला 3 सेकंद लागले, तर तेवढा वेळ तो वर्कर ठप्प. सर्व्हर चालू आहे का हे तपासणारा हेल्थ चेकसुद्धा लटकतो.

आतलं काम ब्लॉकिंगच, म्हणजे उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवून ठेवणारं असेल, तर 'असिंक' काढून साधं 'डेफ' ठेवा. फास्टएपीआय ते थ्रेडपूलमध्ये, म्हणजे लूपबाहेरच्या वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतं. मात्र तिथे प्रत्येक प्रोसेसला डीफॉल्टने 40च थ्रेड मिळतात, पुढच्या रिक्वेस्ट रांगेत.

बाहेरचे कॉल जास्त असतील तर एचटीटीपीएक्स या लायब्ररीचा असिंक क्लायंट 'अवेट'सह वापरणं बरं. तो लाइफस्पॅनमध्ये (अ‍ॅप सुरू आणि बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये) एकदाच उघडा आणि तिथेच बंद करा. प्रत्येक रिक्वेस्टला नवा क्लायंट बनवला, तर दरवेळी नवं कनेक्शन आणि टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) आलाच.

टाइमआउट स्वतः ठरवा. एचटीटीपीएक्समध्ये तो डीफॉल्टने 5 सेकंद असतो. रिक्वेस्ट्स लायब्ररीत दिलाच नाही तर मर्यादाच नाही! कनेक्टला (जोडणी होण्यास) 2 आणि रीडला (उत्तर वाचण्यास) 8 सेकंद ही सुरुवात ठीक. वेळ संपली की अपवाद (एक्सेप्शन) पकडून 504, म्हणजे 'बाहेरच्या सेवेने वेळेत उत्तर दिलं नाही' हा कोड परत करा. नुसत्या 500 वरून (सर्व्हरची सर्वसाधारण चूक) दोष कुणाचा ते कळत नाही.

खात्री करायची तर असिंक एंडपॉइंटमध्ये 'टाइम डॉट स्लीप' 5 सेकंदांचं टाका, एकच वर्कर चालू ठेवा, त्या एंडपॉइंटला कॉल करा आणि लगेच दुसऱ्या टर्मिनलमधून वेगळ्या एंडपॉइंटवर कर्ल (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन) मारा; तोही अडकलेला दिसेल.