पीसी चालू होत नाही? आधी पंखा बघा

‘कम्प्युटर चालूच होत नाहीये’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंखा फिरतोय का? समोरच्याला तो फुटकळ वाटतो, पण पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. पंखा ढिम्म असेल तर वीज कुठेतरी अडतेय. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, तर बहुतेक वेळा रॅम किंवा डिस्प्लेची भानगड. आणि कंपनीचा लोगो येऊन गाडी अडत असेल तर शक्यतो डिस्क किंवा विंडोज. एवढं ठरवायच्या आत जो थेट फॉरमॅट मारायला निघतो, त्याच्यापुढे मी हात जोडते.

पंखा ढिम्म असेल तर त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढून टाका, थेट भिंतीला लावा. कॅबिनेटच्या मागे, केबल खोचतो तिथेच एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, छोटा स्विच असतो. साफसफाईत तो हमखास दाबला जातो, तेव्हा तो आडव्या रेघेच्या खुणेकडे आहे ना, गोलाकडे नाही ना, ते बघा. मॉनिटरची पॉवर केबल बहुधा तशीच असते, ती लावून पाहा. तरीही नाही? मग केबल काढा, पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा आणि पुन्हा लावा. विजेच्या झटक्यानंतर एसएमपीएस स्वतःच अडून बसतो, तो कधीकधी एवढ्यानंच सुटतो.

आता कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा. बऱ्याच मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, नुसती वीज आली तरी एक बारीक दिवा लागतो. तो लागलाय आणि बटणाला दाद नाही, तर माझा पहिला संशय बटणावरच. त्याची दोन तारांची बारीक पिन मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात जाते, तिच्यावर ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेलं असतं. ती काढा आणि उघड्या पडलेल्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. नेमकी तीच दोन टोकं हं, शेजारची नाहीत. मदरबोर्डच्या पुस्तिकेत आकृती असते. मशीन चालू झालं तर बटण गेलंय, बाकी सगळं शाबूत. रीसेट बटणाची पिन तिथे खोचा आणि रीसेटनं पीसी चालू करत राहा. असे पीसी वर्षानुवर्षं चालतात.

दिवाही नसेल तर एसएमपीएस, नाहीतर मदरबोर्ड. दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच सरळ मार्ग. मात्र एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, केबल काढलेली असली तरीही. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, ३०० व्होल्टच्या वर भार धरून बसलेले असू शकतात.

पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी, हे दुखणं मला सगळ्यात जास्त भेटतं. आधी मॉनिटरचा इनपुट बरोबर आहे का ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला हवी, मदरबोर्डला नाही. ते ठीक असेल तर रॅमकडे, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेल्या मेमरीच्या पट्ट्यांकडे वळा. पीसी बंद, केबल बाहेर, आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर ढकलली की रॅमची पट्टी वर उचलली जाते. तिच्या सोनेरी दातांवरून साधा, मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कीस कोरड्या ब्रशनं झटका. परत बसवताना दोन्ही टोकांवर सारखा जोर द्या, क्लिप ‘टक्’ करून स्वतः बंद व्हायला हवी. नुसती बसल्यासारखी दिसणं म्हणजे बसणं नव्हे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. डीडीआर५ जातीची नवी रॅम असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, तेव्हा लगेच बटण दाबायचं नाही.

बीप वाजत असतील तर मोजा. प्रत्येक बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा) हिशेब वेगळा, अर्थ पुस्तिकेत मिळतो. नव्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं). जो पेटून राहतो तिथे घोडं अडलंय.

एवढ्यानं भागलं नाही तर मी भर घालत नाही, उलट काढत जाते. प्रिंटर, पेनड्राइव्ह, जादा डिस्क सगळं बाहेर. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्डसुद्धा. मग मदरबोर्डवरचा २० मिलिमीटर व्यासाचा चपटा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत लावायचा, बायोस मूळ स्थितीत येतं. पण डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर यानंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी दुसऱ्या फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शोधून ठेवा.

लोगोनंतर अडत असेल तर आधी पेनड्राइव्ह काढा. मशीन त्याच्यावर विंडोज शोधत बसलेलं असतं. मग सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये जा. तिथे डिस्कचं नाव नसेल तर तिची केबल बघा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिथेच थांबा, प्रत्येक चालू-बंद डेटाला महाग पडतो. सेल काढल्यावरच विंडोज रुसलं असेल तर बायोसमधला साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) एएचसीआय आणि रेड या पर्यायांत बदललाय का ते पाहा.

डिस्क दिसतेय आणि विंडोज येत नाही, तर सुरू होतानाच दोन-तीनदा बंद करा, दुरुस्तीचा पडदा आपणहून येतो. तिथे स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचा अपडेट काढणं, मग सेफ मोड (मोजक्याच गोष्टींसह विंडोज चालू करणं), या क्रमानं जा. ‘रीसेट धिस पीसी’ अगदी शेवटी. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी टाकलेले प्रोग्राम जातात. त्याआधी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालणारी दुसरी सिस्टीम) पीसी चालू करून फोटो-कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

जळका वास किंवा फुगलेला कपॅसिटर दिसला तर हे काही करू नका, सरळ दुरुस्तीला द्या. देताना पंखा, स्क्रीन, लोगो यांतलं काय होतंय ते चिठ्ठीवर लिहा, आणि दोष डिस्कचा नसेल तर डिस्क काढून घरीच ठेवा.