मिशिगन सरोवरातील सॅमन आणि ट्राउट : खोल पाण्यात गळ टाकताना या चुका टाळा

मिशिगन सरोवर शिकागोच्या अगदी दाराशी आहे. त्या परिसरातील मराठी मंडळींपैकी ज्यांना कोकणातील खाडीवर किंवा गावाकडच्या धरणावर गळ टाकण्याची सवय आहे, त्यांना उन्हाळा आला की सॅमन आणि ट्राउटचे वेध लागतात. मात्र खाडीवरचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. खाडीत भरती-ओहोटीची वेळ आणि तळाचा खडक-चिखल पाहून जागा ठरते. सरासरी ८५ मीटर आणि सर्वांत खोल ठिकाणी २८१ मीटर असलेल्या या गोड्या पाण्याच्या सरोवरात मासा कोठे असेल हे प्रामुख्याने पाण्याचे तापमान ठरवते. आमिष मागे ओढत दिवसभर नाव फिरवून रिकाम्या हाताने परतलेले बहुतेक जण आमिषाला दोष देतात आणि दुकानातून नवे रंग विकत आणतात. दोष मात्र बहुतेक वेळा आमिष ज्या थरातून ओढले गेले त्या थरात असतो, असे माझे ठाम मत आहे.

खोली आधी ठरवून मग मासा शोधणे

गोडे पाणी सुमारे ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्यामुळे उन्हाळ्यात तापलेले, हलके पाणी वर तरंगत राहते आणि थंड, जड पाणी खाली बसते. या दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, ज्यात काही फुटांच्या अंतरात तापमान झपाट्याने उतरते. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये पृष्ठभागावर २० अंशांहून अधिक तापमान असले, तरी या पट्ट्याखाली हात बधिर करणारे गार पाणी असते. चिनूक आणि कोहो हे सॅमन साधारण ५४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सियस, तापमानाच्या आसपास राहणे पसंत करतात. लेक ट्राउटला त्याहून थंड, ७ ते ११ अंशांचे पाणी लागते आणि तो बहुधा तळाशी चिकटून असतो. ब्राउन ट्राउटला मात्र १५-१६ अंशांचे पाणी चालते, म्हणून तो किनाऱ्याजवळ सापडतो. स्टीलहेड हा रेनबो ट्राउटचा प्रकार तर भर उन्हाळ्यातही किनाऱ्यापासून दूर, वरच्या थरात फिरताना आढळतो, विशेषतः जेथे पृष्ठभागाचे तापमान अचानक बदलते त्या रेषेवर.

‘गेल्या शनिवारी ७० फुटांवर मासे लागले, म्हणून आजही ७० फूट’ हा हिशेब याच कारणाने फसतो. त्या शनिवारी १२ अंशांचा थर ७० फुटांवर होता. आज तो ४० फुटांवर असेल किंवा ११० फुटांवर. बंदरातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटे तापमान मोजण्यात घालवावीत. दोरीला बांधून खाली सोडता येणारा साधा तापमापकही पुरतो. डाउनरिगरच्या, म्हणजे आमिष खोल नेणाऱ्या साधनाच्या, गोळ्याजवळ बसवलेला संवेदक असल्यास फारच उत्तम. हवा असलेला थर सापडला की दोन आमिषे त्या थरात, एक त्याच्या थोडे वर आणि एक थोडे खाली अशी मांडणी करावी. सॅमन आपल्या वरून जाणाऱ्या भक्ष्यावर सहज झेप घेतो, खाली मात्र क्वचितच वळतो. म्हणून मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या माशांच्या पाच ते दहा फूट वर आमिष ठेवणे हे त्यांच्या नेमक्या खोलीवर ठेवण्यापेक्षा अधिक लाभदायक ठरते.

वसंत ऋतूत हेच गणित उलटे होते आणि नवखे लोक तेथे हमखास चुकतात. एप्रिलमध्ये सगळेच सरोवर गारठलेले असते. दक्षिण टोकाकडचे उथळ पाणी सर्वांत आधी तापते आणि कोहो तेथे, शिकागो व इंडियानाच्या किनाऱ्यालगत, गोळा होतात. त्या दिवसांत खोल पाण्याकडे धाव घेणे म्हणजे मासे पाठीमागे टाकून पुढे जाणे होय. तेव्हा अवतीभवतीच्या पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त असलेले पाणी शोधावे आणि पृष्ठभागाजवळ, नावेपासून दूर बाजूला पसरलेल्या दोऱ्यांवर लहान आमिषे ओढावीत.

वाऱ्याने पालटलेले पाणी न ओळखणे

काल भरपूर मासे देणारी जागा आज एकाएकी ओस का पडली, या प्रश्नाचे उत्तर बहुधा वाऱ्यात असते. सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे केनोशा, रसीन, मिलवॉकीच्या बाजूला, दक्षिणेकडचा वारा दोन-तीन दिवस टिकून वाहिला की पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे कोमट पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, अर्थात किनाऱ्यापासून दूर, ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी किनाऱ्याशी वर येते. पूर्वेकडच्या, म्हणजे मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा हेच काम करतो. एका रात्रीत पोहण्याच्या किनाऱ्यावरील पाणी गोठल्यासारखे गार होते, आणि सॅमनचा आवडता थर ८० फुटांवरून १५-२० फुटांवर येतो. अशा सकाळी खोल पाण्यातील नावा हात चोळत बसतात, तर धक्क्यावरून गळ टाकणाऱ्याला चिनूक मिळू शकतो. उलट, वारा कोमट पाणी किनाऱ्याकडे रेटत असेल तर थंड थर खूप खाली दाबला जातो आणि त्याच्या मागे आणखी दूर जावे लागते. म्हणून केवळ त्या दिवसाचा नव्हे, तर आदल्या तीन दिवसांचा वारा कोणत्या दिशेचा होता हे पाहूनच बेत आखावा.

मोजपट्टीवरचा आकडा म्हणजेच खोली असे मानणे

डाउनरिगर हे तारेच्या टोकाला शिशाचा जड गोळा बांधून आमिष ठरावीक खोलीवर नेणारे साधन आहे. त्यावरील आकडा तार किती सुटली ते सांगतो, गोळा किती खोल आहे ते नव्हे. नाव पुढे जात असताना पाण्याच्या रेट्याने तार मागे झुकते. ती उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर १०० फूट तार सोडूनही गोळा साधारण ८७ फुटांवरच असतो. एवढ्या फरकाने आमिष थर्मोक्लाइनच्या चुकीच्या बाजूला जाऊ शकते. खोल मासेमारीसाठी दहा-बारा पौंडांचा किंवा त्याहून जड गोळा वापरावा आणि कोन पाहून तार वाढवावी. शिशाचा गाभा असलेली दोरी वापरणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. तिच्यावर दर १० यार्डांनी रंग बदलतो आणि नेहमीच्या वेगात एक रंग सुमारे ५ फूट खोली देतो, परंतु वेग वाढला की ती वर उचलली जाते आणि वेग कमी झाला की खाली जाते.

मासे दाखवणाऱ्या यंत्राचाही असाच गैरसमज होतो. २० अंशांच्या शंकूतून पाहणारे यंत्र १०० फूट खोलीवर सुमारे ३५ फूट व्यासाचे वर्तुळ पाहत असते. त्यात दिसलेला मासा नावेच्या नेमका खाली असेलच असे नाही. पडद्यावर कमानीसारख्या दिसणाऱ्या त्या एका माशापेक्षा एलवाइफ या लहान माशांचे ढग कोणत्या खोलीवर दिसतात याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण चिनूकचे सारे जीवन त्या एका भक्ष्याभोवती फिरते. किंबहुना सॅमन या सरोवरात आले तेच एलवाइफमुळे. समुद्रातून आलेल्या लॅम्प्रे या रक्तशोषक माशाने आणि बेसुमार मासेमारीने येथील मूळचा लेक ट्राउट १९५० च्या दशकापर्यंत जवळजवळ नष्ट केला. शिकारी उरला नाही म्हणून एलवाइफ बेसुमार वाढले. तेव्हा राज्याच्या मत्स्यविभागातील हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी यांच्या पुढाकाराने मिशिगन राज्याने १९६६ मध्ये ओरेगॉनहून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेले कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सोडले.

वेग नावेचा मोजणे, आमिषाचा नाही

दक्षिणेकडे जाताना चार मासे लागतात आणि त्याच रेषेवरून उत्तरेकडे परतताना एकही लागत नाही, हे लक्षण दिसले तर खालच्या प्रवाहाचा संशय घ्यावा. उपग्रहावरून मिळणारा वेग नावेचा जमिनीसापेक्ष वेग असतो. ८० फूट खाली पाणी स्वतःच वाहत असेल, तर आमिषाचा पाण्यातील वेग दोन दिशांना अगदी वेगळा पडतो. सॅमनसाठी आमिषाचा वेग ताशी २ ते ३ मैल असावा, लेक ट्राउटसाठी २ मैलांच्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी. संवेदक नसल्यास तारेचा कोन दोन्ही दिशांना सारखा राहील असा वेग ठेवावा.

मला सर्वांत भरवशाची वाटणारी युक्ती मात्र वळण घेण्याची आहे. नाव सावकाश वळवली की आतल्या बाजूची आमिषे मंदावून खाली उतरतात आणि बाहेरची वेग घेऊन वर येतात. मासा बाहेरच्या गळाला लागला तर वेग वाढवावा, आतल्या गळाला लागला तर कमी करावा. सरळ रेषेत तासन् तास जाणाऱ्या नावेला ही माहिती कधीच मिळत नाही.

मासा लागतो, पण हाती येत नाही

येथे कारणे छोटी असतात, पण त्यांची किंमत मोठी असते. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गोळ्याला धरून ठेवणारी चाप फार घट्ट असेल तर लहान कोहो लागूनही कळत नाही आणि तो अर्धा तास ओढला जातो. फार सैल असेल तर लाटेच्या हिसक्यानेही ती सुटते. चाप लावल्यावर काठी चांगली वाकेपर्यंत तंगूस ताणून घ्यावे. फ्लॅशरच्या, म्हणजे पाण्यात फिरत चमकणाऱ्या पट्टीच्या, मागे मासा येतो पण तोंड लावत नाही असे वाटल्यास रंग बदलण्याआधी फ्लॅशर आणि त्यामागची माशी (गळ लावलेले कृत्रिम आमिष) यांच्यातील अंतर बदलून पाहावे. ते साधारण १८ ते २८ इंचांच्या दरम्यान असते. रंगाबाबत इतकेच म्हणेन की लाल रंग पाण्यात सर्वांत आधी नाहीसा होतो, म्हणून खोलवर हिरवा, निळा आणि पहाटेच्या अंधारात चमकणारा लेप असलेले स्पून (चमच्याच्या आकाराची धातूची आमिषे) वापरावेत.

चिनूक लागल्यावर तो एका दमात शंभर यार्ड तंगूस घेऊन जाऊ शकतो. त्या वेळी घाबरून रिळाचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटण्याला होणारा रोध, आवळणे ही सर्वाधिक मासे घालवणारी चूक आहे. ड्रॅग तंगूसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका आधीच लावून ठेवावा आणि नंतर त्याला हात लावू नये. नाव पूर्ण थांबवू नये, कारण तंगूस सैल पडते आणि इतर दोऱ्या गुंततात. जाळे नेहमी डोक्याच्या बाजूने घालावे. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, कारण कोरडे तंगूस घर्षणाच्या उष्णतेने कमकुवत होते.

ऑगस्टच्या उत्तरार्धात मोठे चिनूक नद्यांच्या आणि बंदरांच्या तोंडाशी जमू लागतात. त्यांचे खाणे थांबत आलेले असते. ते भुकेपेक्षा चिडून आमिषावर तुटून पडतात. त्या काळातही १५० फूट पाण्यात त्यांना शोधत राहणे व्यर्थ आहे. खोल पाण्यात तेव्हा पुढच्या वर्षीचे, अजून रुपेरी असलेले तरुण मासे असतात, आणि खाण्यासाठी तेच अधिक चांगले.

सरोवराला तलाव समजणे

ही चूक जिवावर बेतते. २६ जून १९५४ रोजी दूरवरच्या वादळी हवेच्या दाबाने उठलेली पाण्याची भिंत शिकागोच्या किनाऱ्यावर आदळली आणि आठ जण मृत्युमुखी पडले; त्यांत धक्क्यावर गळ टाकून बसलेले लोक होते. २३ सप्टेंबर १९६७ रोजी, नुकत्याच परतू लागलेल्या कोहोंच्या ओढीने शेकडो लहान नावा मिशिगन राज्यातील प्लॅट नदीच्या मुखाजवळ गेल्या होत्या. वादळ आले आणि सात जणांचा अंत झाला. सागरी हवामानाचा अंदाज निघण्यापूर्वी आणि दुपारी पुन्हा पाहावा. तरंगजाकीट अंगावरच असावे, बाकाखाली नव्हे. जूनमध्येही किनाऱ्यापासून दूरचे पाणी इतके गार असते की पडल्यावर दहाएक मिनिटांत हातापायांची हालचाल निकामी होऊ लागते. लाटा धक्क्यावरून जात असतील तर त्या दिवशी धक्क्यावर पाऊल ठेवू नये.

पकडल्यानंतरच्या चुका

परवाना आणि सॅमन-ट्राउटसाठीचा वेगळा शिक्का यांचे नियम इलिनॉय, विस्कॉन्सिन, इंडियाना आणि मिशिगन या चारही राज्यांत निरनिराळे आहेत, तसेच दिवसाच्या माशांची मर्यादाही. चालू वर्षाची पुस्तिका वाचल्याशिवाय राज्याची सीमा ओलांडून गळ टाकू नये. भर उन्हाळ्यात थंड थरातून वर आणलेला सॅमन कोमट पाण्यात सोडला तर बहुतेकदा जगत नाही, म्हणून ‘पकडून सोडू’ या विचाराने मर्यादेनंतरही मासेमारी चालू ठेवणे मला अयोग्य वाटते. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला दिसला, तर त्या माशाच्या नाकाडात सूक्ष्म धातूची खूण असू शकते. बंदरावरील संकलन पेटीत त्याचे डोके दिल्यास तो कोठे सोडला गेला होता हे शास्त्रज्ञांना कळते.

स्वयंपाकघरात आपल्या लोकांना एक सवय बदलावी लागेल. या सरोवरातील मोठ्या, वयस्क माशांच्या चरबीत पीसीबी ही विषारी रसायने साठलेली असतात, आणि लेक ट्राउट चरबीदार असतो. डोके, कातडे आणि पोटाकडचा भाग घालून केलेले कालवण येथे टाळावे. कातडे सोलावे, पाठीवरची, बाजूची आणि पोटाची चरबी कापून टाकावी, आणि तुकडे जाळीवर भाजावेत म्हणजे उरलेली चरबी गळून जाते. लहान कोहो त्या मानाने बरे. गरोदर स्त्रिया आणि मुले यांनी मात्र कोणत्या जातीचा, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे राज्याच्या आरोग्यविभागाच्या तक्त्यात पाहूनच ठरवावे.