इंकजेटवर पीसीबी छापताय? या चुका टाळा

पीसीबी म्हणजे तांब्याचा थर असलेला सर्किट बोर्ड. त्यावर शाईने सर्किट छापायचं, मग एचिंग करायचं, म्हणजे शाईने न झाकलेलं तांबं द्रावणात विरघळवायचं. इंकजेट प्रिंटरमधून थेट तांब्यावर असं सर्किट छापायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, शाई कोणती? तो महत्त्वाचा आहेच, पण त्याचा नंबर दुसरा. बोर्ड फिसकटला की दोष शाईला जातो आणि खरं कारण बऱ्याचदा हेडच्या, म्हणजे शाईचे थेंब सोडणाऱ्या भागाच्या, उंचीत सापडतं.

साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी, तर नेहमीचा एफआर-४ (फायबरग्लासचा) बोर्ड १.६ मिमी. खाली १ मिमीची ॲल्युमिनियमची ट्रे घेतली तर अडीच मिमी जागा जास्तीची लागते. म्हणून कॅरेज, म्हणजे हेड इकडून तिकडे नेणारा भाग, ज्यावर सरकतं तो रॉड वर उचलतात किंवा खालचा प्लॅटफॉर्म उतरवतात. इथली नेहमीची चूक म्हणजे एका टोकाला तीन वॉशर, दुसऱ्याला दोन, आणि 'बसलंय की' म्हणून पुढे जाणं. रॉड जरा तिरका झाला तरी बोर्डाच्या एका कडेला रेषा रेखीव येतात आणि दुसऱ्या कडेला पसरतात. प्रिंटर उघडण्याआधीच हेड आणि कागद यांतलं मूळ अंतर मोजून लिहून ठेवा, आणि जोडणी झाल्यावर दोन्ही टोकांना बोर्डावर तेवढंच अंतर मिळतंय का ते पाहा. अंतर वाढलं की थेंब भरकटतात आणि ट्रॅकच्या (सर्किटच्या रेषांच्या) आजूबाजूला बारीक शिंतोडे दिसतात. कमी पडलं तर बोर्डाच्या कडेची कापताना राहिलेली धार थेट नोझलवर, म्हणजे हेडच्या शाई सोडणाऱ्या छिद्रांवर, घासते. कडा कानशीने घासल्याशिवाय बोर्ड आत सोडू नका. या एका आळसापायी हेड कायमचं जातं.

रॉड उचलला, पण कॅपिंग स्टेशन तिथंच राहिलं, ही त्याच कामातली पुढची चूक. काम नसताना हेड ज्या रबरी टोपीवर टेकून बसतं, ती आता खाली राहते. नोझल उघडी पडतात, शाई आत वाळते आणि चार दिवसांनी छपाईत पांढऱ्या रेघा येतात. क्लीनिंगची आज्ञा देऊनही फरक पडत नाही, कारण टोपी चिकटून बसल्याशिवाय पंपाला शाई ओढताच येत नाही. जेवढा रॉड वर, तेवढं स्टेशन वर.

ट्रॅकची कड दुहेरी दिसते? ड्रायव्हरमधली दुतर्फा म्हणजे हाय-स्पीड छपाई बंद करा. अंतर बदललं की थेंब पोचायला लागणारा वेळ बदलतो, आणि जाताना पडलेली रेष व येताना पडलेली रेष एकमेकींवर बसत नाही. पारदर्शक एन्कोडर पट्टीला मात्र ग्रीसचं बोट लावू नका. ती मळली की कॅरेज आपण कुठे आहोत हे विसरतं आणि कडेला जाऊन धडकतं.

'कागद नाही' किंवा 'कागद अडकला' असा एरर वारंवार येत असेल तर कागदाच्या सेन्सरकडे बघा. ट्रेच्या पुढच्या कडेने त्याचा खटका दर वेळी एकाच जागी दाबला गेला पाहिजे, आणि ट्रे बाहेर पडल्यावर तो सुटलाही पाहिजे.

आता शाई. डाय शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे एचिंगच्या द्रावणात ती टिकत नाही. पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई हवी, तीही रेझिन असलेली, कारण छापून भाजल्यावर तांब्याला धरून ठेवणारं तेच. हे प्रयोग करणारे बहुधा एप्सनचं मशीन निवडतात ते उगाच नाही. त्याचं हेड पिझो असल्यामुळे थेंब दाबाने उडतो. थर्मल हेडसारखी शाई उकळावी लागत नाही. भाजताना घाई आणि अतिरेक दोन्ही महागात पडतात. हीट गनने साधारण २०० अंशांच्या आसपास, पूर्ण बोर्डावर सारखी फिरवत उष्णता द्या. कच्ची राहिली तर शाई एचिंगच्या फेरिक क्लोराइडमध्ये पापुद्र्यासारखी सुटते. करपली तर नंतर काढताना नाकी नऊ येतात. धूर होतो, खिडकी उघडी ठेवा.

शाई तांब्यावर थेंबाथेंबाने गोळा होत असेल तर बहुतेक वेळा तो हाताचा तेलकटपणा असतो. स्क्रबरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्यानंतर फक्त कडा धरा. तरीही शेजारचे ट्रॅक एकमेकांत मिसळत असतील तर शाईचं प्रमाण कमी करा.

टोनर ट्रान्सफरची, म्हणजे लेझर प्रिंटरने कागदावर छापून ती छाप उष्णतेने तांब्यावर उतरवण्याची, सवय असलेले हमखास फसतात ते मिररमध्ये, म्हणजे चित्र आरशासारखं उलटं छापण्यात. तिथं छाप उलटते, म्हणून खालचा लेयर सरळ छापतात. इथं छाप उलटत नाही, त्यामुळे खालचा लेयर मिरर करायचा आणि वरचा सरळ ठेवायचा. खूण सोपी आहे: बोर्डावर काही अक्षरं टाका, ती तांब्यावर सरळ वाचता आली पाहिजेत.

स्केल १०० टक्के ठेवूनही लांबी चुकू शकते, कारण रोलर आता कागदाऐवजी जाड ट्रे ओढतोय. ४० पिनांच्या डीआयपी (दोन ओळींत पिना असलेल्या) आयसीत एका ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या पॅडच्या मध्यांतलं अंतर ४८.२६ मिमी भरलं पाहिजे. आयसी उभी आणि आडवी, दोन्ही दिशांना छापून मोजा. हे सगळं बोर्ड एचिंगला टाकण्याआधी. तोवर शाई पुसून पुन्हा छापता येते.