पर्यावरण महोत्सवाला सहकुटुंब जाताय? दिवस असा आखा

तयारी आदल्या आठवड्यात सुरू करा, तीही घरातल्या अडगळीपासून. बंद पडलेली टॉर्च, वायर सैल झालेली इस्त्री, चेन बिघडलेली सॅक, असं काहीतरी सापडेलच. बऱ्याच महोत्सवांत दुरुस्तीचा कोपरा असतो. आपण आणि दुरुस्ती करणारे स्वयंसेवक शेजारी बसून वस्तू उघडायची, असा त्याचा शिरस्ता. २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये मार्टीन पोस्टमा या पत्रकार महिलेने ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला आणि ही कल्पना अनेक देशांत पसरली. वस्तू पुसून न्या, निघालेले स्क्रू, चार्जर सोबत ठेवा आणि ‘चालत नाही’ एवढंच न सांगता कधी बंद पडते, कसला आवाज येतो ते लिहून न्या. नावनोंदणी लागते का, तेही आधीच विचारून घ्या. दुरुस्ती झाली नाही तरी नेमकं काय गेलंय ते कळतं, आणि मुलांना यंत्राचं पोट उघडं बघायला मिळतं. माझ्या मते अख्ख्या दिवसातला हाच सर्वांत मोलाचा अर्धा तास.

कार्यक्रमपत्रिका मिळाली की घरातल्या प्रत्येकाला एकेक गोष्ट निवडू द्या, आजी-आजोबांनाही. एवढ्याच गोष्टी नक्की करायच्या, बाकी वेळ मोकळा. सगळे स्टॉल बघायचा अट्टहास धरला तर दुपारपर्यंत मुलं रडकुंडीला येतात आणि मोठी माणसंही.

सोबत पाण्याच्या बाटल्या, डबे, टोप्या, जुन्याच कापडी पिशव्या आणि एक वही. नवी पिशवी विकत घेऊ नका, फुकट मिळाली तरी नको म्हणा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी हवामानावरच्या परिणामाबाबत बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. शक्य असेल तर बसने किंवा ट्रेनने जा. पार्किंग शोधण्याची कटकटही वाचते.

पोहोचल्यावर आधी दुरुस्तीसाठी नंबर लावा आणि तेवढ्या वेळात खताच्या स्टॉलकडे वळा. तिथे माहितीपत्रक घेऊन पुढे सरकू नका. तयार खत हातात घ्या, वास घ्या: पावसानंतरच्या मातीसारखा यायला हवा. मग विचारा, ‘ओल्या कचऱ्यात सुका किती घालता?’ साधा अंदाज असा, की एक माप ओल्या कचऱ्याला दोन ते तीन मापं वाळकी पानं किंवा तत्सम काडीकचरा. घाण वास येत असेल तर ओल जास्त झाली आहे किंवा हवा कमी पडते आहे, म्हणून पालापाचोळा वाढवून ढवळायचं. मोठा ढीग नीट जमला तर त्याच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता तयार होते, सूक्ष्मजीवांच्या कामामुळे. गांडुळांचं खत असेल तर मुलांना तिथून हलवणं अवघड जाईल. हलवूही नका.

सौर पॅनेलवर चालणारा छोटा पंखा किंवा पंप दिसला तर चालवणाऱ्याची परवानगी घेऊन मुलांना एक प्रयोग करू द्या. पॅनेलचा फक्त एक कोपरा हाताने झाका. सावली थोडीशीच, पण पंखा लक्षात येण्याइतका मंदावतो किंवा थांबतोच, कारण पॅनेलमधले घटक एकापुढे एक जोडलेले असतात आणि एक अडला की पुढचा प्रवाह आटतो. छतावर झाडाची सावली का चालत नाही, हे यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

खरेदी शेवटी, आणि प्रश्न विचारूनच. ‘विघटनशील’ असं लिहिलेल्या ताटल्या-चमच्यांपाशी विचारा, ‘हे कुजतं कुठे? घरच्या खतकुंडीत की कारखान्यात?’ मक्यापासून वगैरे बनवलेल्या पीएलए या प्लास्टिकला कुजायला ६० अंशांच्या आसपासची, टिकून राहणारी उष्णता लागते. घरच्या कुंडीत ते वर्षभरानेही जवळपास जसंच्या तसं सापडू शकतं. विक्रेता गडबडला तर वस्तू खाली ठेवा. रोपं, बिया घ्यायला हरकत नाही, मात्र आपल्या हवामानात टिकतात का आणि ऊन किती लागतं, हे वहीत टिपून घ्या.

मुलं दमायच्या आधी निघा.

घरी आल्यावर वहीतली एकच गोष्ट निवडा आणि आठवड्याच्या आत सुरू करा. खतकुंडी निवडली असेल तर तळाला भोकं पाडा, पहिला थर जाड काटक्यांचा द्या म्हणजे खालून हवा खेळते, आणि कचरा टाकला की दरवेळी वरून सुका थर पसरा, नाहीतर चिलटं होतात.